कोलारच्या खाणीत पकडलेले न्यूट्रिनो

सह्यकडा

ऑगस्ट १९६५ मध्ये ‘फिजिक्स लेटर्स’ या नियतकालिकात चार पानांचा एक शोधनिबंध आला. त्यावर नावं होती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या, जपानच्या ओसाका सिटी विद्यापीठातल्या आणि इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठातल्या संशोधकांची. प्रयोग झाला होता तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंचा माग लागल्याचं जगाला छापील स्वरूपात सर्वांत आधी सांगितलं ते या निबंधाने. भौतिकशास्त्र शिकलेल्या अनेकांनाही ही गोष्ट माहीत नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

आधी कणाबद्दल थोडं. बीटा ऱ्हासात अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. हिशोबाप्रमाणे प्रत्येक इलेक्ट्रॉनकडे ठरावीक ऊर्जा असायला हवी, पण प्रत्यक्षात कुणाकडे जास्त, कुणाकडे कमी, कशीही सापडायची. उरलेली ऊर्जा जाते कुठे? नील्स बोर तर ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच अणुकेंद्रात सोडून द्यायला तयार झाले होते. ४ डिसेंबर १९३० रोजी वोल्फगांग पाउली यांनी झुरिचहून ट्युबिंगनला जमलेल्या सहकाऱ्यांना पत्र लिहिलं: इलेक्ट्रॉनबरोबर आणखी एक विद्युतभाररहित, अतिशय हलका कण बाहेर पडत असावा आणि हरवलेली ऊर्जा तोच नेत असावा. चार वर्षांनी हान्स बेटे आणि रुडॉल्फ पायर्ल्स यांनी हा कण, म्हणजेच न्यूट्रिनो, पदार्थावर किती वेळा आदळेल याचा हिशोब मांडला आणि तो प्रत्यक्षात बघणं शक्यच नाही असा निष्कर्ष काढला.

त्यांच्या हिशोबात चूक नव्हती. सूर्याकडून येणारे सुमारे ६५ अब्ज न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून आरपार जातात. रात्रीही तितकेच, फक्त तेव्हा ते पृथ्वी ओलांडून पायांकडून येतात. त्यांना ना विद्युतभार, ना अणुकेंद्राला बांधून ठेवणाऱ्या तीव्र बलाशी संबंध. गुरुत्वाकर्षण सोडलं तर फक्त क्षीण बल त्यांना जाणवतं आणि त्या बलाचा पल्ला प्रोटॉनच्या आकारापेक्षाही कितीतरी कमी. सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंपैकी निम्मे अडवायचे तर शिशाची भिंत साधारण एक प्रकाशवर्ष जाड लागेल.

मग कोलारला काय केलं? अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळले की पायऑन नावाचे अल्पायुषी कण तयार होतात. ते मोडून म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण बरेच जड कण) आणि न्यूट्रिनो निघतात. म्युऑन सरळ जमिनीत घुसतात आणि कुठल्याही उपकरणात त्यांचाच गोंगाट असतो. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना कोपऱ्यातली कुजबुज ऐकायची, तसं हे काम. बँड थांबवायला खडक लागतो, आणि कोलारचा खडक जड आहे, पाण्याच्या जवळपास तिप्पट घनतेचा. बी. व्ही. श्रीकांतन यांनी पन्नासच्या दशकात तिथे वेगवेगळ्या खोलींवर म्युऑन मोजायला सुरुवात केली. पुढे ओसाकाचे मियाके यांच्याबरोबर आणखी खोल मोजमापं झाली. सर्वांत खोल जागी सुमारे दोन महिने उपकरण चालू होतं आणि एकही म्युऑन आला नाही. दुसऱ्या कुठल्या प्रयोगात हे अपयश ठरलं असतं. इथे एम. जी. के. मेनन आणि श्रीकांतन यांच्या गटाने त्यातून नेमका अर्थ घेतला: म्युऑन इतके कमी, तर ही जागा न्यूट्रिनोंसाठी योग्य.

चॅम्पियन रीफ खाणीच्या हीथकोट शाफ्टमध्ये, म्हणजे खाली उतरायच्या उभ्या विवरात, उपकरण बसवलं. समोरासमोर प्लास्टिक सिंटिलेटरच्या (कण आरपार गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकच्या) दोन उभ्या भिंती, मध्ये शिशाचे थर आणि निऑनच्या नळ्या. दोन्ही भिंतींमध्ये एकाच वेळी प्रकाश चमकला की नळ्यांना उच्च दाबाची वीज मिळायची, कण ज्या नळ्यांतून गेला त्या उजळायच्या आणि कॅमेरा त्यांचं छायाचित्र टिपायचा. भिंती उभ्या ठेवण्यात सगळं शहाणपण होतं. वरून येणारे उरलेसुरले म्युऑन जवळपास सरळ खालीच येतात. आडव्या दिशेने यायचं तर त्यांना कित्येक पट जास्त खडक पार करावा लागेल आणि ते त्यांना जमत नाही. म्हणजे आडवा म्युऑन दिसला, तर तो वातावरणातून आलेला नाही. जवळच्याच खडकात न्यूट्रिनो आदळून तो तिथेच जन्मला आहे.

न्यूट्रिनोशास्त्राचा गाभा मला इथे दिसतो. कण शोधण्याआधी बाकी सगळं दूर कसं ठेवायचं, आणि जे उरलं ते खरंच न्यूट्रिनोमुळे आहे हे कसं पटवायचं, यावर या लोकांची वर्षं गेली. या अंगाने चर्चा व्हावी असं वाटतं.

चौकस

फार सुंदर लेख. एक शंका. अमेरिकेच्या फ्रेडरिक राइन्स यांचा गट त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेत हेच करत होता ना? मग पहिलं कोण?

सह्यकडा

@चौकस, बरोबर. जोहान्सबर्गजवळ ईस्ट रँडच्या सोन्याच्या खाणीत, ३ किलोमीटरहून अधिक खोल. त्यांची पहिली नोंद २३ फेब्रुवारी १९६५ ची, कोलारच्या नोंदींच्या आधीची. निबंध मात्र कोलारचा आधी छापून आला, त्यांचा त्याच ऑगस्टच्या अखेरीस. म्हणून वर मी ‘छापील स्वरूपात’ असं लिहिलं. मला स्वतःला या शर्यतीपेक्षा दोन्ही गटांनी स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या खंडांत, उभ्या भिंतींची आणि आडव्या मार्गांची तीच युक्ती वापरली हे जास्त मोलाचं वाटतं. एकाच महिन्यात दोन ठिकाणांहून तेच उत्तर आलं, तेव्हा शंकेला जागा राहिली नाही.

गणिती

राइन्स यांचं नाव निघालंच आहे तर १९५६ चा प्रयोगही सविस्तर यायला हवा. ‘उरलं ते खरंच न्यूट्रिनोमुळे आहे हे कसं पटवायचं’ याचं त्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

राइन्स आणि क्लाइड कोवान आधी हॅनफर्डच्या अणुभट्टीपाशी प्रयत्न करून आले होते. तिथे विश्वकिरणांचा गोंगाट इतका होता की खात्रीने काहीच सांगता येईना. मग साउथ कॅरोलायनातल्या सव्हाना रिव्हरच्या भट्टीपाशी, जमिनीखाली, त्यांनी उपकरण हलवलं. टाकीत पाणी आणि त्यात विरघळवलेलं कॅडमियम क्लोराइड. भट्टीतून आलेला प्रतिन्यूट्रिनो (न्यूट्रिनोचा प्रतिकण) पाण्यातल्या एखाद्या प्रोटॉनवर आदळला तर दोन गोष्टी बाहेर पडतात: पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण) आणि न्यूट्रॉन. पॉझिट्रॉन लगेच इलेक्ट्रॉनला भेटून नष्ट होतो आणि विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण निघतात. न्यूट्रॉन मात्र काही मायक्रोसेकंद पाण्यात भटकतो, मग कॅडमियम त्याला गिळतं आणि पुन्हा गॅमा किरण निघतात. म्हणजे एक चमक, ठरलेला विराम, दुसरी चमक. हा क्रम इतर कशाने योगायोगाने घडणं फार अवघड.

तरीही ते तिथे थांबले नाहीत. भट्टी बंद असताना मोजलं: नोंदी घटल्या. कॅडमियमचं प्रमाण बदललं: विराम अपेक्षेप्रमाणे बदलला. पाण्याच्या जागी जड पाण्याचं मिश्रण टाकून प्रोटॉन कमी केले: नोंदी त्या मानाने कमी झाल्या. तासाला जेमतेम तीन घटना हाताशी असताना इतक्या बाजूंनी तपासणं, याला मी विज्ञान म्हणतो. जून १९५६ मध्ये त्यांनी पाउली यांना तार केली. राइन्स यांना नोबेल १९९५ मध्ये मिळालं. कोवान १९७४ लाच वारले होते.

पूर्वा_जो

इतके अब्जावधी कण शरीरातून जातात हे वाचून थोडी भीती वाटली. माझ्या मुलीने तर लगेच विचारलं की त्याने कर्करोग होतो का. काय सांगू तिला?

मृण्मयी

पूर्वाताई, निर्धास्तपणे ‘नाही’ सांगा. मी रुग्णालयात रेडिएशन विभागात काम करते, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात रोज येतो. किरणोत्सर्गाने अपाय होतो तो कण शरीरात ऊर्जा सोडतो तेव्हा. न्यूट्रिनो आरपार जातात, काहीही न सोडता. सूर्याकडून आलेल्यांपैकी एका माणसाच्या शरीरात वर्षभरात मोजकेच आदळतात. त्याच वेळी आपल्या शरीरातल्या पोटॅशियममधला किरणोत्सर्गी अंश दर सेकंदाला हजारो वेळा ऱ्हास पावत असतो. अन्नातूनच येणारं पोटॅशियम ते, आपण त्याच्यासकट जन्मभर जगतो.

मुलीला एक मजेदार गोष्टही सांगा. त्या पोटॅशियमच्या ऱ्हासातून प्रतिन्यूट्रिनो निघतात, दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास. म्हणजे ती स्वतःच न्यूट्रिनोंचा एक छोटासा स्रोत आहे.

पूर्वा_जो

हे तिला फारच आवडलं! शाळेत सांगणार म्हणते.

देवचाफा

माझा प्रश्न सूर्याबद्दल. शाळेत असताना ‘सौर न्यूट्रिनोंचं कोडं’ असं कुठेतरी वाचलं होतं, की सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो अपेक्षेपेक्षा कमी सापडतात. ते सुटलं का? कसं?

सह्यकडा

सुटलं, आणि सुटायला तीस वर्षांहून जास्त लागली. मला या सगळ्या विषयातली सर्वांत आवडती हकीकत हीच, त्यामुळे जरा लांबण लावतो.

रे डेव्हिस हे रसायनशास्त्रज्ञ. साउथ डकोटातल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खाली, त्यांनी ६१५ टन टेट्राक्लोरोएथिलीन भरलेली टाकी बसवली. कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला वापरतात तेच द्रव्य. त्यातल्या क्लोरिनच्या अणूवर न्यूट्रिनो आदळला तर त्याचा किरणोत्सर्गी आर्गॉन होतो, ज्याचा अर्धायुकाल ३५ दिवस. काही आठवड्यांनी टाकीतून हेलियम सोडून तो आर्गॉन गोळा करायचा आणि त्याचा ऱ्हास मोजायचा. एवढ्या प्रचंड टाकीत दोन दिवसांत सरासरी एखादाच अणू तयार व्हायचा. शेकडो टन द्रवातून हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके अणू बाहेर काढायचे होते!

१९६८ मध्ये पहिले निकाल आले. सूर्याचं गणिती प्रतिमान मांडणाऱ्या जॉन बाकॉल यांच्या गणिताने सांगितलेल्या संख्येच्या साधारण एक तृतीयांशच न्यूट्रिनो मिळत होते. अनेकांना वाटलं डेव्हिस यांच्या रसायनात गडबड आहे. म्हणून त्यांनी टाकीत मुद्दाम मोजून आर्गॉन सोडला आणि तो जवळपास पूर्ण परत मिळतो हे दाखवलं. मग संशय बाकॉल यांच्या सूर्याच्या प्रतिमानावर गेला. तेही पुन्हा पुन्हा तपासून तेच उत्तर देत राहिले. दोघंही आपापल्या जागी ठाम होते.

आणि दोघंही बरोबर होते. न्यूट्रिनो तीन प्रकारचे: इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ. सूर्यात फक्त पहिला प्रकार तयार होतो आणि डेव्हिस यांच्या टाकीला फक्त पहिलाच दिसतो. सूर्यातून निघालेले न्यूट्रिनो पृथ्वीपर्यंत पोहोचताना मोठ्या प्रमाणात दुसऱ्या दोन प्रकारांत गेले होते. हे रूप बदलणं असू शकतं असा विचार ब्रुनो पाँतेकोर्व्हो यांनी बराच आधी मांडला होता, पण पुरावा नव्हता.

पुरावा द्यायला कॅनडातल्या सडबरीच्या निकेलच्या खाणीत, २ किलोमीटर खोल, १००० टन जड पाणी वापरलं गेलं. जड पाण्यातल्या ड्युटेरियममुळे (जड हायड्रोजनमुळे) दोन स्वतंत्र मोजण्या करता येतात. एका प्रक्रियेत फक्त इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो भाग घेतो. दुसरीत ड्युटेरियमचं केंद्र फुटून प्रोटॉन आणि न्यूट्रॉन वेगळे होतात आणि तिथे तिन्ही प्रकार सारखेच चालतात. २००१ आणि २००२ च्या निकालांत दिसलं की तिन्ही मिळून संख्या बाकॉल यांनी सांगितली तेवढीच आहे आणि इलेक्ट्रॉन प्रकार मात्र त्यातला सुमारे एक तृतीयांश. डेव्हिस यांना २००२ चं नोबेल मिळालं तेव्हा ते ८७ वर्षांचे होते.

निरंजन७

उत्तम. यात जपानचा भाग आला पाहिजे, कारण रूप बदलण्याचा पहिला भक्कम पुरावा सुपर-कामिओकांडेचा आहे, १९९८ चा, आणि तोही कोलारमध्ये दिसलेल्या त्याच वातावरणीय न्यूट्रिनोंवरून.

५०,००० टन शुद्ध पाण्याची टाकी, भोवती मंद प्रकाशही टिपणाऱ्या ११,००० हून अधिक फोटोमल्टिप्लायर नळ्या, वर एक किलोमीटर डोंगर. न्यूट्रिनोने पाण्यात म्युऑन किंवा इलेक्ट्रॉन निर्माण केला आणि त्याचा वेग पाण्यातल्या प्रकाशापेक्षा जास्त असला की चेरेनकोव्ह प्रकाशाचा शंकू पडतो. भिंतीवर त्याचं कडं उमटतं. म्युऑनचं कडं रेखीव, इलेक्ट्रॉनचं पसरट. कड्याच्या जागेवरून दिशाही कळते. डोक्यावरच्या वातावरणातून आलेले म्युऑन न्यूट्रिनो अपेक्षेइतके मिळाले. पृथ्वीच्या पलीकडून, जवळपास १३,००० किलोमीटर प्रवास करून खालून आलेले जवळपास निम्मेच. लांबच्या प्रवासात त्यांनी प्रकार बदलला, हाच त्याचा अर्थ. ताकाआकी काजिता यांनी तो निकाल मांडला, आणि २०१५ चं नोबेल त्यांना आणि सडबरीच्या आर्थर मॅक्डोनाल्ड यांना विभागून मिळालं.

याचा मोठा परिणाम म्हणजे न्यूट्रिनोला वस्तुमान असलंच पाहिजे, कारण वस्तुमान नसतं तर हे रूपांतर झालंच नसतं. मूलकणांच्या प्रमाण प्रतिमानात ते शून्य धरलं होतं.

चौकस

मग ते वस्तुमान किती?

निरंजन७

वरची मर्यादा माहीत आहे. जर्मनीत कार्ल्सरूहला ‘काट्रिन’ नावाचा प्रयोग ट्रिटियमच्या बीटा ऱ्हासातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अतिशय बारकाईने मोजतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली मर्यादा ०.४५ इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांचं वस्तुमान सांगायचं एकक). तुलनेला, इलेक्ट्रॉन ५,११,००० इलेक्ट्रॉन व्होल्टचा आहे. म्हणजे न्यूट्रिनो त्याच्या दहा लाखाव्या भागाहूनही हलका. इतका हलका का, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मला तरी भौतिकशास्त्रातला आजचा सर्वांत खोल प्रश्न हाच वाटतो.

रानवाटा

लेख आणि प्रतिसाद मनापासून आवडले. पण धाग्यात एक विषय अजून कुणी काढला नाही, म्हणून मी काढते. तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात बोडी वेस्ट हिल्समध्ये न्यूट्रिनो वेधशाळा व्हायची होती. त्याआधी निलगिरीत सिंगारा इथली जागा २००९ मध्ये नाकारली गेली, मुदुमलाईच्या वाघांच्या वाटेमुळे. मग बोडी ठरली, तर तिथेही पश्चिम घाट आणि केरळचं मतिकेट्टान राष्ट्रीय उद्यान अगदी जवळ. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पर्यावरण परवानगी स्थगित ठेवली, २०१८ मध्ये केंद्राने पुन्हा परवानगी दिली, आणि २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात स्पष्ट सांगितलं की या जागी प्रकल्प नको.

मी घाटात वर्षानुवर्षं हिंडणारी बाई आहे. विज्ञानाला माझा विरोध नाही. पण ‘न्यूट्रिनो निरुपद्रवी आहेत’ हे सांगितलं की संशोधकांना वाटतं आपलं उत्तर देऊन झालं. गावकऱ्यांनी विचारलं होतं बोगद्याबद्दल: सुरुंगांचे हादरे, निघालेला दगड कुठे टाकणार, झऱ्यांचं पाणी कुठे जाणार. त्याचं उत्तर न्यूट्रिनोच्या गुणधर्मात नाही.

गणिती

रानवाटाताई, तुमचा मुद्दा रास्त आहे. पण दुसरी बाजूही खरी आहे. त्या काळात तिथे अणुकचरा पुरणार, न्यूट्रिनोंनी पिकं जळणार, असंही सांगितलं जात होतं. हे निखालस खोटं होतं आणि त्याने तुमच्या खऱ्या प्रश्नांचंच नुकसान झालं. त्या गोंधळात बोगद्याबद्दल शांतपणे बोलायला कुणी उरलं नाही.

रानवाटा

हे मान्य. खोट्या भीतीचं समर्थन मीही करणार नाही. पण ती भीती पसरली कारण गावाशी बोलायला फार उशिरा आणि फार कमी लोक गेले. ज्या खडकात तुम्ही दोन किलोमीटर शिरणार, त्या खडकावर ज्यांची शेतं आहेत त्यांच्याशी पहिलं बोलणं व्हायला हवं होतं.

सह्यकडा

रानवाटाताई, तुम्ही हा विषय काढलात हे बरं झालं. माझं मत स्पष्ट सांगतो. मला ही वेधशाळा हवी आहे. ५०,००० टनांचा चुंबकीय लोखंडी कॅलोरीमीटर, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणारा लोखंडी थरांचा ढीग, आणि थरांमध्ये काचेचे संवेदक. चुंबकीय क्षेत्रामुळे धन आणि ऋण म्युऑन विरुद्ध बाजूंना वळतात आणि त्यावरून न्यूट्रिनो की प्रतिन्यूट्रिनो हे वेगळं ओळखता येतं. वातावरणीय न्यूट्रिनोंसाठी इतकं मोठं असं उपकरण जगात कुठेच नाही. त्याचं ८५ टनांचं छोटं रूप मदुराईला चालवून दाखवलेलं आहे, म्हणजे तंत्र हातात आहे. पण म्हणून पश्चिम घाटातली वाट दुखावून ती उभी राहावी असं मला वाटत नाही. चहूबाजूंनी एक किलोमीटरहून अधिक सलग खडक मिळेल अशी दुसरी जागा शोधावी लागली तर शोधावी, आणि तिथे पहिल्या दिवसापासून गावाला बरोबर घेऊन.

बंगळूरकर

मग कोलारलाच का नाही? खाण तर आयतीच आहे. मी कोलार गोल्ड फील्ड्सला जाऊन आलोय. सायनाइडच्या मातीचे पांढुरके ढिगारे, गंजलेले शाफ्टचे मनोरे, खाण कामगारांच्या वस्त्या. तिथल्या वयस्कर लोकांना खाली ‘सायंटिस्ट लोकांचं काम’ चालायचं हे अजून आठवतं. ते अभिमानाने सांगतात.

सह्यकडा

@बंगळूरकर, मलाही हा प्रश्न फार दिवस छळत होता. कोलारचं संशोधन १९६५ वर थांबलं नव्हतं. ऐंशीच्या दशकात तिथे प्रोटॉनचा ऱ्हास होतो का हे शोधणारा प्रयोगही झाला. पण सोनं काढणं परवडेनासं झालं, खोल पातळ्या एकेक करून बंद होत गेल्या, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगशाळा आवरावी लागली आणि २००१ मध्ये खाणच बंद झाली. पंप थांबले की खोल खाणीत पाणी भरतं. शिवाय ५०,००० टनांच्या उपकरणाला प्रचंड रुंद दालन लागतं, आणि लोखंडाच्या पत्र्यांसाठी आडवा, गाडी जाईल असा बोगदा सोयीचा. अरुंद उभ्या शाफ्टमधून ते सगळं खाली नेणं फार कठीण.

त्या कामगारांबद्दल तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं. २.३ किलोमीटर खाली असह्य उष्णता असते आणि खडक अचानक फुटण्याचा धोका कायम. तिथे सिंटिलेटर, शिसं आणि शेकडो निऑन नळ्या पोहोचल्या त्या खाणीतल्या लोकांमुळे. शोधनिबंधाच्या लेखकांत त्यांची नावं नसतात, पण हा शोध त्यांचाही आहे.

देवचाफा

एक भाबडा प्रश्न विचारते. याचा उपयोग काय? म्हणजे माझं कुतूहल शमलं, पण दीड हजार कोटींचा प्रकल्प म्हटल्यावर लोक विचारणारच.

मृण्मयी

प्रश्न अजिबात भाबडा नाही. मला पटलेली दोन उत्तरं.

पहिलं मुंबईतच आहे. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीजवळ सुमारे एक टन प्लास्टिक सिंटिलेटरचा संवेदक उभारला आहे, प्रतिन्यूट्रिनो मोजण्यासाठी. भट्टीत युरेनियम जळतं आणि प्लुटोनियम साठत जातं तसं बाहेर येणाऱ्या प्रतिन्यूट्रिनोंचं प्रमाण आणि ऊर्जा बदलते. भट्टीच्या आत न जाता आत काय चाललंय हे त्यावरून समजू शकतं. प्लुटोनियम चोरून काढलं जात नाही ना, यावर लक्ष ठेवायला याचा उपयोग होऊ शकतो, आणि हे किरण कुठलीही भिंत घालून लपवता येत नाहीत.

दुसरं आकाशातलं. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅजेलनिक मेघात, दीड लाखाहून अधिक प्रकाशवर्षं दूर, एक तारा फुटल्याची खबर आधी न्यूट्रिनोंनी आणली. जपानमधला कामिओकांडे, अमेरिकेतला आयएमबी आणि रशियातला बक्सान या तिघांनी मिळून दोनेक डझन न्यूट्रिनो टिपले, काही सेकंदांत. प्रकाश त्यानंतर काही तासांनी पोहोचला, कारण फुटलेल्या ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत धक्का पोहोचायला वेळ लागतो आणि न्यूट्रिनो मात्र गाभ्यातून थेट निघतात. आता जगभरचे संवेदक एकमेकांना जोडलेले आहेत, म्हणजे पुढचा तारा आपल्या आकाशगंगेत फुटला तर दुर्बिणींना आधी इशारा मिळेल.

चौकस

दक्षिण ध्रुवावर बर्फात काहीतरी आहे ना? तेही याच कामासाठी?

निरंजन७

होय, ‘आइसक्यूब’. एक घन किलोमीटर बर्फ हाच संवेदक. ८६ दोऱ्या, ५१६० संवेदक, साधारण १४५० ते २४५० मीटर खोल, २०१० मध्ये पूर्ण. सूर्याच्या न्यूट्रिनोंपेक्षा कोट्यवधी पट जास्त ऊर्जेचे, आपल्या आकाशगंगेबाहेरून येणारे न्यूट्रिनो तिथे शोधतात. २२ सप्टेंबर २०१७ ला आलेल्या एकाची दिशा मागे नेली तर तिथे एक ब्लेझार (आपल्या दिशेने झोत फेकणारा दूरच्या आकाशगंगेचा गाभा) त्याच काळात भडकलेला सापडला. भूमध्य समुद्रात सिसिलीजवळच्या केएम३नेटने तर फेब्रुवारी २०२३ मध्ये याहून कितीतरी पट ऊर्जेचा एक टिपला. यावर स्वतंत्र धागा काढतो, इथे गर्दी नको.

पूर्वा_जो

मुलगी आता दहावीत आहे आणि या धाग्याने तिला नादच लागलाय. तिचा प्रश्न जसाच्या तसा देते: “आता शोधायचं काय राहिलं आहे? मी मोठी होईपर्यंत सगळं संपेल का?”

सह्यकडा

तिला सांगा, बरंच राहिलं आहे. तीन वस्तुमानांपैकी सर्वांत हलकं कुठलं, हेच अजून पक्कं नाही. त्यासाठी चीनमध्ये जियांगमेनला जमिनीखाली २०,००० टन द्रव सिंटिलेटरचा ‘जुनो’ हा संवेदक ऑगस्ट २०२५ पासून मोजू लागला आहे. भारतातली वेधशाळा हेच वेगळ्या वाटेने, पृथ्वीतून आलेल्या वातावरणीय न्यूट्रिनोंवरून ठरवणार होती. न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो एकच आहेत का, हे माहीत नाही. दोघं रूप बदलताना वेगळे वागतात का, हेही नाही. वेगळे वागत असतील तर विश्वात प्रतिपदार्थ जवळपास नाहीसा होऊन पदार्थ का उरला, याचा धागा कदाचित तिथे सापडेल. हे तपासायला अमेरिकेत फर्मीलॅबपासून १३०० किलोमीटरवर, जमिनीखाली, मोठा प्रयोग उभा राहतो आहे, आणि त्याची जागा आहे डेव्हिस यांची तीच होमस्टेक खाण. भारतातल्या संस्थाही त्यात आहेत.

बारावीपर्यंत गणित आणि भौतिकशास्त्र मनापासून करू दे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कुलाब्याला दरवर्षी विज्ञान दिनाच्या सुमारास शाळकरी मुलांसाठी प्रयोगशाळा खुल्या ठेवतात. तारखा आधी बघून तिला घेऊन जा, आणि तिथे जो भेटेल त्याला कोलारबद्दल विचारायला सांगा.

बंगळूरकर

आणि नंतर कधी जमलं तर कोलारलाही घेऊन या. बंगळूरहून दोन-अडीच तासांची वाट आहे. मी बरोबर येईन, तिथली माणसं ओळखीची आहेत.